धुराचा अलार्म: बॅटरी बदलता येणारा की सीलबंद?

एका मैत्रिणीला घरात धुराचे अलार्म बसवायचे आहेत. बॅटरी बदलता येणारे घ्यावेत की १० वर्षांच्या सीलबंद बॅटरीचे, इथे तिचं अडलंय.

बदलत्या बॅटरीचा अलार्म घेताना स्वस्त पडतो, पण साधारण दरवर्षी नवी बॅटरी आलीच. सीलबंद महाग, मात्र पुढे बॅटरीचा खर्च नाही.

टिकाऊपणात दोघे सारखेच. सेन्सर जुना होतो, त्यामुळे उत्पादनाच्या तारखेपासून १० वर्षांनी दोन्ही बदलायचेच. तारीख मागच्या बाजूला छापलेली असते, विकत घेतानाच पाहा. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मची मुदत याहून कमी असू शकते.

खरा फरक पडतो तो मेहनतीत. बॅटरी उतरली की अलार्म थोड्या थोड्या वेळाने 'चिक्' करत राहतो, अनेकदा ऐन रात्री. वैतागून बॅटरी काढली जाते, 'उद्या घालू' म्हणून, आणि अलार्म नुसता छताला चिकटून राहतो. मला याचीच सर्वात जास्त भीती वाटते. सीलबंदात ती पळवाट नाही. पण 'देखभाल नको' या जाहिरातीवर जाऊ नका. महिन्यातून एकदा चाचणीचं बटण दाबणं आणि जाळीवरची धूळ व्हॅक्यूमच्या मऊ ब्रशने काढणं दोन्हींना लागतंच.

उंच छत, घरात वयस्कर माणसं किंवा भाड्याने दिलेलं घर असेल तर सीलबंदच घ्या. हात सहज पोहोचतो, तारखा पाळायची सवय आहे आणि आत्ता पैसे कमी आहेत, तर बदलत्या बॅटरीचा बिनधास्त घ्या.