विपश्यनेचे दहा दिवसांचे शिबिर : आतला आवाज तपासण्यासाठी कितपत उपयोगी?

नोकरी सोडावी, भाऊबंदकीतून माघार घ्यावी किंवा एखाद्या सेवाकार्यात स्वतःला झोकून द्यावे असे प्रकर्षाने वाटू लागते, तेव्हा ती खरी अंतःप्रेरणा आहे की अहंकारानेच सात्त्विक वेष घेतला आहे, हे कळावे म्हणून विपश्यना या बौद्ध परंपरेतील ध्यानसाधनेच्या शिबिराला जावे का, असे काही परिचितांनी मला विचारले होते. त्यांना जे सांगितले, तेच येथे जरा सविस्तर लिहीत आहे.

सत्यनारायण गोयंका यांनी ही साधना ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून घेतली आणि १९६९ मध्ये ती भारतात आणली. इगतपुरीचे धम्मगिरी हे तिचे प्रमुख केंद्र. गोयंका मुळात आपल्या अर्धशिशीवर उतारा मिळावा म्हणून गेले होते आणि केवळ डोकेदुखीसाठी ही विद्या मागायची नसते, असे त्यांच्या गुरूंनी त्यांना आधी सुनावले होते. हेतू तपासून घेण्याची रीत या परंपरेत अशी अगदी दारापासूनच आहे.

शिबिराचा दिनक्रम कडक आहे. पहाटे ४ वाजता घंटा होते, रात्री साडेनऊला दिवे मालवतात आणि मधल्या वेळेत साडेदहा तासांच्या आसपास ध्यान असते. मोबाइल, वाचन, लेखन, जप, पूजापाठ हे सारे बंद असते आणि दहाव्या दिवशी सकाळपर्यंत आर्य मौन, म्हणजे इतर साधकांशी बोलणे नाही आणि खुणाही नाहीत, असे पाळावे लागते. राहण्याजेवणाचे शुल्क नाही; ज्याने एक शिबिर पूर्ण केले आहे, त्याच्याकडूनच दान घेतले जाते. ‘पैसे मोजले आहेत, तेव्हा मला अमुक मिळालेच पाहिजे’ हा ग्राहकाचा तोरा त्यामुळे आपोआप गळून पडतो आणि ही व्यवस्था मला फार मोलाची वाटते.

मूळ प्रश्नाचे उत्तर मात्र तेथे कोणी हातात ठेवत नाही. पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे केवळ श्वासाचे निरीक्षण, आणि चौथ्या दिवसापासून शरीरावरील संवेदना समतेने पाहणे, एवढेच शिकवले जाते. मनात उठलेला विचार ईश्वरी की स्वार्थी, याचा निवाडा आचार्य करत नाहीत. तरीही या निवाड्याला लागणारी एक गोष्ट शिबिर देते, ती म्हणजे सक्तीची सवड. माझ्या मनात तेथे थोरल्या भावाला क्षमा करणारे एक पत्र तयार होऊ लागले. कागद-पेन नसल्याने ते पुनःपुन्हा मनातच लिहावे लागे आणि प्रत्येक खर्ड्यात माझे औदार्य थोडे वाढे. वडिलार्जित घरावरचा हक्क सोडल्याचा उल्लेख तर एखाद्या मानपत्राला शोभेल इतका देखणा झाला होता. त्याच वेळी छातीत धग असे, जबडा आवळलेला असे आणि हे पत्र भावकीत कोण कोण वाचील याची यादीही मागे चालूच असे. काही बैठकांनंतर धग ओसरली, तेव्हा पत्राचे शब्दही विरले आणि मागे उरले ते एवढेच की घरी गेल्यावर दादाला फोन करून मोजणीची तारीख विचारायची. अहंकाराच्या ऊर्मीला घाई असते आणि प्रेक्षक लागतात. जे खरोखर करायचे असते, ते बहुधा असे नीरस असते आणि ते उद्यापर्यंत थांबायलाही तयार असते. हा माझा निष्कर्ष आहे, शिबिराची शिकवण नव्हे.

शिबिराची मर्यादाही येथेच आहे. अधिष्ठानाच्या तासात हात-पाय न हलवता आणि डोळे न उघडता बसायचे असते आणि गुडघ्याची कळ सोसत तो तास पार पडला की शेजारी चुळबुळ करणाऱ्या साधकाकडे पाहण्याची दृष्टी लगेच बदलते. सर्वांगात सुखद लहरी जाणवू लागल्या तर विचारूच नये. तीच सिद्धी, असे मन ठरवून टाकते. रात्री ऐकवल्या जाणाऱ्या ध्वनिमुद्रित प्रवचनांत गोयंका या दोन्ही सापळ्यांबद्दल सावध करतात. पण अहंकार अज्ञान्यापेक्षा जाणत्याच्याच मानगुटीवर अधिक बसतो, हे आपल्या संतांनीही सांगून ठेवले होते. तेवढ्याने तो कोणाच्या मानेवरून उतरला आहे? सहायक आचार्यांची भेट मिळते, परंतु ती काही मिनिटांची आणि साधनेपुरती असते. ज्याला आपल्या आयुष्यातील निर्णयावर कोणाशी तरी बोलून विचार करायचा आहे, त्याची येथे निराशा होईल. नामस्मरणात रमणाऱ्या आणि गुरूकडून आज्ञेची अपेक्षा ठेवणाऱ्या भाविकालाही ही पद्धत कोरडी वाटण्याचा संभव आहे. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी शिबिरास येऊ नये, असे नियमावलीतच म्हटले आहे आणि ते गांभीर्याने घ्यावे.

इतरांनी अवश्य जावे, मात्र जाण्यापूर्वी रजेचा हिशोब नीट करावा. आदल्या दिवशी दुपारी पोहोचायचे असते आणि अकराव्या दिवशी सकाळी सुटका होते, म्हणजे बारा दिवस जातातच. त्यापुढे आणखी दोन दिवस मोकळे ठेवावेत. दहाव्या दिवशी मौन सुटताच भोजनगृहाबाहेर जे भव्य संकल्प ऐकू येतात, त्यांतला आपला जो असेल, तो या दोन दिवसांत कोणालाही कळवू नये, आणि राजीनाम्याचा असेल तर मुळीच नाही.