किटकॅट फ्यूज काढून एमसीबी आणि आरसीसीबी बसवल्यानंतरचे आठ महिने

आमची डोंबिवलीतली सदनिका 1989 सालची आहे आणि गेल्या ऑक्टोबरपर्यंत तिच्यात मेन स्विचशेजारी चिनीमातीचे चार किटकॅट फ्यूज होते. वायरमनने ते उपसले, तेव्हा एकात फ्यूजच्या बारीक तारेऐवजी तांब्याच्या तारेचे पाच-सहा पेड पिळून घातलेले निघाले. सारखा उडतो म्हणून कोणीतरी कधीतरी केलेली ही सोय होती. ती तार वितळण्याच्या कितीतरी आधी भिंतीतली वायर तापून तिचे आवरण जळाले असते.

नव्या डीबीत, म्हणजे घरातल्या विजेच्या वाटपाच्या पेटीत, सर्वांत पुढे 40 अँपिअरचा, 30 मिलीअँपिअर गळतीला तुटणारा आरसीसीबी आहे; वीज वायरीतून बाहेर, जमिनीकडे गळू लागली की तो आपोआप पडून पुरवठा तोडतो. त्यामागे दिवे-पंख्यांना 6, गिझरला 16 आणि एसीला 20 अँपिअरचे एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह वाहू लागला की आपोआप पडणारे स्विच, असून गिझरला 2.5, तर एसीला 4 चौरस मिलिमीटरची वायर नव्याने ओढली. ‘पडायला नको’ म्हणून वायरमन गिझरला 32 अँपिअरचा एमसीबी सुचवत होता, पण एमसीबी मुख्यतः वायरीचे रक्षण करतो आणि म्हणून तो वायरीच्या जाडीप्रमाणेच घ्यायला हवा, यावर मी अडून राहिलो.

जूनच्या पहिल्या पावसात आरसीसीबी लागोपाठ दोन संध्याकाळी पडला. सगळे एमसीबी खाली करून एकेक वर घेत गेलो, तेव्हा गॅलरीतल्या दिव्याच्या होल्डरमध्ये पाणी शिरल्याचे कळले. जुन्या फ्यूजला ही गळती कळलीच नसती. मात्र सगळ्या घराला एकच आरसीसीबी असल्यामुळे त्या वेळी फ्रिजसकट सारे घर अंधारात गेले. पुन्हा काम करायचे झाले तर मी दोन बसवून घेईन. त्याचे टेस्टचे बटण मी दर महिन्याला दाबतो आणि तो दर वेळी खटकन पडला आहे.

परंतु मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो फेब्रुवारीतला अनुभव. सकाळी न्हाणीघराबाहेर सुकट भाजल्यासारखा वास येऊ लागला आणि आमच्या घरात मासळी शिजत नाही. शोधता शोधता गिझरच्या 16 अँपिअरच्या सॉकेटपाशी पोहोचलो. तो जुनाच ठेवला होता. बटण बंद करून पिनटॉप (प्लग) काढला, तर एक पीन निळसर-तपकिरी झालेली आणि तिच्या भोकाभोवतीचे प्लास्टिक फुगून पिवळे पडलेले होते. आत वायरीचा स्क्रू सैल होता.

नवा कोरा एमसीबी आणि आरसीसीबी असूनही दोघांपैकी एकही पडला नव्हता, आणि यात त्यांचा काही दोष नव्हता. 2000 वॅटचा गिझर 230 व्होल्टवर सुमारे 8.7 अँपिअर घेतो, म्हणजे 16 च्या एमसीबीला त्यात वावगे काही दिसत नाही. फेजमधून गेलेला सगळा प्रवाह न्यूट्रलमधून परत येतो, म्हणजे गळती काहीच नसते, म्हणून आरसीसीबीलाही नाही. पण सैल जोडात अवघा अर्धा ओहम अडथळा आला, तरी तेवढ्याशा जागेत जवळजवळ 38 वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या सोल्डरिंगच्या इस्त्रीला 25 वॅट पुरतात, हे लक्षात घेतले की भिंतीतल्या त्या डबीत रोज सकाळी काय चालले होते, याची कल्पना येते.

या कामावर झालेला खर्च मला जराही जास्त वाटत नाही आणि जुन्या इमारतीत राहणाऱ्या प्रत्येकाने तो करावा, असे मी आग्रहाने सांगेन. पण वायरमनला नुसता डीबी बसवून जाऊ देऊ नका. मेन बंद करून प्रत्येक पॉवर सॉकेट उघडायला लावा आणि स्क्रू आवळून घ्या. गिझर किंवा इस्त्री वापरून झाल्यावर बटण बंद करून पिनटॉपच्या प्लास्टिकला बोट लावून पाहा. कोमट असेल तर ठीक, पण बोट टेकवत नसेल तर सॉकेट आणि पिनटॉप दोन्ही बदला. आमच्याकडे त्या दिवशी उरलेले पाच सॉकेट उघडले, तेव्हा आणखी दोन ठिकाणी स्क्रू अर्धा-अर्धा फेरा फिरला, आणि त्यातला एक मायक्रोवेव्हचा होता.