यामाहा स्कँक: आठ महिने एकाच तालावर

नाव वाचून मला आधी गल्लीतली आरएक्स हंड्रेड आठवली, हे कबूल करतो. प्रत्यक्षात ही 1974 सालची जमैकन एलपी, म्हणजे मोठी तबकडी, निर्माता रूपी एडवर्ड्स. एकाच रिडिमवर अख्खी एलपी काढण्याचा हा पहिला प्रयोग, असं रेगेवाले, म्हणजे या जमैकन संगीताचे शौकीन, बहुतेक मानतात. रिडिम म्हणजे बास आणि ड्रमची पक्की बैठक. वर गायक बदलतो, शब्द बदलतात, खालचं काही हलत नाही. इथली बैठक द युनीक्स या जमैकन गायकगटाच्या 'माय कॉन्व्हर्सेशन' गाण्याची, म्हणजे 1968 ची, निर्माता बनी लीच्या हातची.

पहिला आठवडा पैसे पाण्यात गेले असंच वाटत होतं. पोळ्या लाटता लाटता आई म्हणाली, "अडकलीय का रे ती तबकडी?" अडकली नव्हती, तिसरं गाणं सुरू होतं.

मग एका रविवारी बाबा येऊन बसले. भजनात तीस वर्षं पखवाज वाजवलाय त्यांनी. मांडीवर बोटं टेकवून दोन आवर्तनं गप्प राहिले आणि म्हणाले, "सम मोकळी सोडतोय हा." नेमकं तेच! ड्रमचा ठोका पहिल्या मात्रेवर नाहीच, तिसरीवर पडतो. वर म्हणाले, "लेहरा समज. तबल्याच्या सोलोत पेटीवाला तासभर एकच ओळ वाजवतो, तेव्हा कंटाळतोस का?"

तेव्हापासून मी गाणी ऐकायचं सोडलं आणि कोण कुठून शिरतो ते ऐकायला लागलो. शीर्षकगीतात शॉर्टी द प्रेसिडेंट नावाचा कलाकार गातच नाही, तालावर बोलत सुटतो. माझी सगळ्यात जास्त फिरलेली बाजू तीच. काही नुसत्या वाद्यांची व्हर्जन मात्र भरतीची वाटतात, आठ महिन्यांनंतरही. अर्थात भरती का, तेही उघड आहे. स्टुडिओ आणि वादकांचे पैसे एकदाच द्यायचे आणि त्याच टेपवर दहा आवाज चढवायचे, हा तिथला रोजचा धंदा. एडवर्ड्सने दुसऱ्या एका बैठकीवर जॉनी क्लार्ककडून 'एव्हरीडे वंडरिंग' गाऊन घेतलं, मग त्याचीच मोडतोड करून 'आयरी फीलिंग्ज' काढलं, आणि ते ब्रिटनच्या पहिल्या दहांत जाऊन बसलं.

घ्यायची असेल तर आधी मूळ गाणं दोन दिवस ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर लावू नका, बास गेला की उरतं काय? आणि दोन्ही बाजू सलग तर नकोच.

माझी प्रत सेकंडहँड. विकणाऱ्याने "नव्यासारखी" म्हणून दिली, परत घ्यायला मात्र तयार नाही. दुसऱ्या बाजूला एका जागी सुई उडते. उडून पडते तिथेही तोच ताल, त्यामुळे मला दोन महिने पत्ताच लागला नाही. बाबांनी पहिल्याच खेपेला धरलं: "एक मात्रा खाल्ली बघ."