झोपेसाठी जायफळ की भांगबियांचं तेल?
अमली पदार्थांवरच्या एनडीपीएस कायद्याने (१९८५) चरस-गांजावर बंदी आहे, पण बिया त्यात येत नाहीत. २०२१ मध्ये एफएसएसएआयने (अन्नसुरक्षेची सरकारी संस्था) त्या खाद्य म्हणूनही मान्य केल्या. म्हणून रत्नागिरीत बाटली मागवली. तेल हिरवट, चवीला अक्रोडासारखं. ओमेगा-३ भरपूर, पण सीबीडी (भांगेच्या झाडातला, झोपेसाठी घेतला जाणारा घटक) जवळपास नाहीच, मग झोप कुठून येणार? कोशिंबिरीवर मात्र झकास.

जायफळ परसातलंच. फळ तडकलं की आत लालभडक जायपत्री दिसते. आई सहाणेवर दोन-तीन वेढे उगाळून कोमट दुधात घालायची. माझं मत त्यालाच. फक्त हात आखडता ठेवा: अख्खं जायफळ पोटात गेलं तर मळमळ, धडधड, भाससुद्धा होतात. आणि हे परसात मिळतं, फुकट!