चांगी विमानतळ: दोन विमानांच्या मधले तास

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर हातातल्या सामानाची तपासणी गेटच्या दाराशी होते. टर्मिनल १, २ आणि ३ मध्ये इमिग्रेशन आटोपलं की प्रवासी थेट आतल्या दालनात येतो. ट्रे, एक्स-रे यंत्र, पट्टा काढणं हे सगळं अगदी शेवटी, विमानात चढण्याआधी जिथे बसवतात त्या खोलीच्या तोंडाशी. मला हा विमानतळ मनापासून आवडतो तो मुख्यतः या एका व्यवस्थेमुळे. मधले तास कसे घालवायचे हेही तिच्यावरच ठरतं, म्हणून आधी तेच सांगते.

मी सरकारी रुग्णालयात परिचारिका म्हणून नोकरी केली. केसपेपरची एकच खिडकी असली की सकाळी नऊला सगळा तालुका तिच्यासमोर उभा असतो आणि आतले डॉक्टर रिकामे बसलेले असतात. खिडक्या विभागवार केल्या की तीच माणसं, तेवढेच कर्मचारी, पण गोंधळ निम्म्यावर येतो. चांगीत हेच केलेलं आहे. प्रत्येक गेटच्या रांगेत त्या एकाच विमानाची माणसं असतात, त्यामुळे दालनात कुठे गर्दी तुंबत नाही. शिवाय उतरलेले आणि निघालेले प्रवासी एकाच दालनात वावरतात. दुसरं विमान पकडायचं असेल तर पहिल्यातून बाहेर पडून पन्नास पावलं चाललं की आपण खुर्च्या, पाणी, झाडं यांच्यामध्ये असतो, रांग न लावता. रात्रभर बसून आलेल्या म्हाताऱ्या माणसासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. मी धाकट्या बहिणीकडे मेलबर्नला जाते ती बहुतेक वेळा थोरल्या ताईला घेऊन. ताईचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. जमिनीवर पाय टेकल्या टेकल्या पुन्हा रांगेत उभं राहावं लागत नाही, याचं मोल तिला विचारा.

मात्र या सोयीमुळे काही गोष्टी आपल्यावर येतात. पाण्याची भरलेली बाटली आत सगळीकडे चालते, पण गेटवर ती रिकामी करावी लागते. तपासणीनंतरच्या खोलीत एकदा शिरलं की तिथे खुर्च्यांखेरीज फारसं काही नसतं, आणि बऱ्याच खोल्यांत स्वच्छतागृहही नाही. वयस्कर माणसांना मी आधीच जाऊन यायला लावते, नंतरच रांगेत उभं करते. लहान मुलांचंही तेच. बाहेर पडता येतं, पण परत तपासणी, परत ट्रे. भारतातून निघताना ड्यूटी फ्रीमध्ये अत्तर किंवा आणखी काही पातळ घेतलं असेल तर त्याची सीलबंद पिशवी फोडू नका आणि पावती आत दिसत राहू द्या, कारण तीसुद्धा इथे गेटवर बघितली जाते. आणि मुख्य म्हणजे वेळ. बाकीच्या विमानतळांवर गेटशी पोचलं की सुटलो असं वाटतं. इथे गेटशी पोचल्यावर तपासणी सुरू होते. मोठं विमान असेल तर ही रांगही लांबते. बोर्डिंग पासवर गेट उघडण्याची जी वेळ असेल त्याच वेळी जावं, दुकानात रेंगाळू नये.

गेटच्या अक्षरावरून टर्मिनल कळतं, हे कुणी आधी सांगितलं तर निम्मी धावपळ वाचते. ए आणि बी म्हणजे टर्मिनल ३, सी आणि डी म्हणजे १, ई आणि एफ म्हणजे २, जी आणि एच म्हणजे ४. पहिली तीन टर्मिनल आतून जोडलेली आहेत. चालतही जाता येतं आणि स्कायट्रेन नावाची चालकाविना धावणारी छोटी गाडीही आहे, तिला तिकीट लागत नाही. रात्री उशिरा काही तास ती बंद असते, तेव्हा सरकत्या पट्ट्यांवरून चालायचं. ए गेटांच्या टोकापासून एफ गेटांच्या टोकापर्यंतचं अंतर अजिबात थोडं नाही. गुडघे, कंबर, दमा यांपैकी काहीही असेल तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच विमान कंपनीकडे नोंदवून ठेवा, आयत्या वेळी मागू नका. ताई आधी तयार नव्हती. ‘लोक काय म्हणतील, मी काय आजारी आहे का?’ मी म्हटलं, ‘ताई, तू आजारी नाहीस, पण वाट लांब आहे.’ तेव्हा बसली.

आता स्वच्छतागृहांबद्दल. कुठल्याही सार्वजनिक इमारतीत मी आधी ते बघते. चांगीत बाहेर पडताना भिंतीवर एक पडदा असतो, त्यावर हसऱ्यापासून नाराजापर्यंत चेहरे. आपण बोट लावायचं. नाराज चेहरा दाबला तर काय बिघडलंय ते विचारतो: जमीन ओली आहे, कागद संपलाय, वास येतोय. ती तक्रार तिथल्या तिथे सफाईच्या पर्यवेक्षकाकडे पोचते. मी ते मुद्दाम दरवेळी दाबते, चांगलं असेल तेव्हाही. झाडूपोछा करणाऱ्यांना कुणी चांगलं म्हटल्याचं वरिष्ठांपर्यंत पोचणं किती दुर्मीळ असतं, हे वॉर्डात काम केलेल्यांना माहीत आहे.

दालनांत गालिचे आहेत, त्यामुळे पावलांचा आणि बॅगांच्या चाकांचा आवाज दबतो. झोपायचं असेल तर आडवं होता येईल अशा आरामखुर्च्यांचे कोपरे केलेले आहेत, पण ते लवकर भरतात. एसी मात्र चांगलाच गार असतो. शाल हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको. पायांना मालिश करणारी यंत्रं फुकट आहेत आणि लांबच्या प्रवासात सुजलेल्या पोटऱ्यांना खरोखर बरं वाटतं. ज्यांना पूर्वी पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली आहे किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी मात्र त्यात पाय घालू नयेत, त्यांनी चालावं. मधुमेह असणाऱ्यांसाठी आणखी एक: सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे आणि ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा त्याहून पुढे. इन्शुलिनच्या वेळा निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. इन्शुलिन हातातल्या सामानातच असू द्या, चिठ्ठीसकट. विमानाच्या पोटात ते गोठून निकामी होऊ शकतं.

बागा खऱ्या आहेत, म्हणजे कुंड्या मांडून केलेली सजावट नव्हे. टर्मिनल ३ मध्ये फुलपाखरांची बाग आहे, दोन मजल्यांची. तिथे दिवसा उजेडी जावं. रात्री फुलपाखरं पानांखाली बसून राहतात आणि माणूस नुसता झाडं बघून परत येतो. टर्मिनल २ च्या वरच्या मजल्यावर उघड्यावर सूर्यफुलं आहेत, टर्मिनल १ च्या गच्चीवर निवडुंग. या दोन ठिकाणी दाराबाहेर पाऊल टाकलं की सिंगापूरची दमट हवा एकदम अंगावर येते. बंद हवेत इतके तास काढल्यावर मला ती हवीशी वाटते, ताईला नाही. टर्मिनल २ करोनाच्या काळात बंद करून वाढवलं, आतून नवं केलं आणि २०२३ मध्ये पूर्ण उघडलं. त्याच्या आत ड्रीमस्केप नावाची बाग केली आहे, वर पडद्यांचं आकाश, बाहेरच्या हवामानाप्रमाणे बदलणारं. ती मला सूर्यफुलांपेक्षा उणी वाटते. पण व्हीलचेअर तिथे सहज जाते आणि ऊन लागत नाही, म्हणून आम्ही बसतो तिथेच.

ज्वेलमधला तो प्रसिद्ध धबधबा कुठे आहे हे नीट समजून घ्या. ज्वेल ही मोशे साफदी या वास्तुविशारदाने आखलेली काचेच्या घुमटाची इमारत २०१९ मध्ये उघडली आणि तिच्या मधोमध ४० मीटर उंचीवरून पाणी पडतं, घरात बांधलेल्या धबधब्यांत जगातलं सर्वांत उंच. पण ज्वेल इमिग्रेशनच्या बाहेर आहे. मधल्या तासांत तिथे जायचं म्हणजे सिंगापूर देशात प्रवेश करायचा, आणि भारतीय पासपोर्टला त्यासाठी व्हिसा लागतो. ऑस्ट्रेलिया, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा अशा ठराविक देशांचा वैध व्हिसा आणि पुढचं तिकीट असेल तर भारतीयांना ९६ तासांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेशाची सवलत आहे. तिच्या अटी सिंगापूरच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर निघण्याआधी वाचून घ्या. अखेरचा निर्णय खिडकीवरच्या अधिकाऱ्याचा असतो. अरायव्हल कार्डही ऑनलाइन भरावं लागतं, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. ते पूर्णपणे मोफत आहे. त्याचे पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नाहीत, त्यांना कार्डाचा नंबर देऊ नका.

बाहेर जायचंच असेल तर वेळ मोजून जा. धबधबा चोवीस तास चालू नसतो. पहाटे उतरणाऱ्या विमानाने आलात आणि लगेच धावत गेलात तर कोरडा घुमट बघायला मिळेल. संध्याकाळी रोषणाई असते, तेव्हा गर्दीही असते. साडेपाच तासांपेक्षा जास्त आणि चोवीस तासांपेक्षा कमी मुक्काम असणाऱ्यांसाठी विमानतळाची मोफत शहरफेरी आहे, तिलाही प्रवेशाची परवानगी लागतेच. स्वतः शहरात जायचं तर मेट्रोचं स्टेशन टर्मिनल २ आणि ३ च्या मध्ये जमिनीखाली आहे. हातात आठेक तास नसतील तर मी त्या वाटेला जात नाही. आणि च्युइंग गम बॅगेत असेल तर बाहेर नेऊ नका, तिथे आणायला बंदी आहे. ई-सिगारेट तर जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा आहे.

ज्यांना बाहेर जाता येत नाही त्यांनी हिरमुसू नये. टर्मिनल २ आणि ३ मधली स्कायट्रेन ज्वेलच्या पोटातून जाते, आतल्या प्रवाशांची गाडीसुद्धा. काचेशी उभं राहिलं की काही क्षण पूर्ण धबधबा समोर दिसतो. व्हिसा नको, रांग नको. ताईला मी मुद्दाम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेऊन परत आणलं. दुसऱ्या फेरीला तिने मोबाइल बाजूला ठेवला आणि नुसतं बघितलं.

टर्मिनल ४ हा वेगळा विषय. २०१७ मध्ये उघडलेलं हे टर्मिनल बाकी तिघांपासून दूर आहे, स्कायट्रेन तिथे जात नाही, मोफत बसने जावं लागतं. तपासणीही तिथे गेटवर नसून सगळ्यांची एकाच ठिकाणी होते, म्हणजे वर जे लिहिलं ते तिथे उलटं धरा: रांग आधी, मग गेटपर्यंत मोकळीक. यंत्रं अशी आहेत की लॅपटॉप बॅगेबाहेर काढावा लागत नाही. इमारत सुंदर आहे, आटोपशीर आहे. पण एक विमान टर्मिनल ४ चं आणि दुसरं १, २ किंवा ३ चं असेल, तर दीड तासाची जोडणी कागदावर कितीही शक्य दिसली तरी वयस्कर माणसासाठी ती घेऊ नका. तिकीट स्वस्त मिळत असेल तरी नको. आणि दोन तिकिटं वेगवेगळ्या कंपन्यांची, स्वतंत्र काढलेली असतील तर चेक-इनचं सामान थेट पुढे जातं का हे निघतानाच काउंटरवर विचारा. जात नसेल तर ते घेण्यासाठी इमिग्रेशनच्या बाहेर पडावं लागू शकतं आणि पुन्हा व्हिसाचा प्रश्न उभा राहतो.

पाचव्या टर्मिनलचं भूमिपूजन २०२५ मध्ये झालं, ते पुढच्या दशकाच्या मध्यावर उघडायचं आहे. तोवर मी तिकीट शोधताना दोन्ही विमानं टर्मिनल १ ते ३ मधली आणि मध्ये चार तास असतील असंच बघते. चार तासांत ताईचं चहापाणी, औषध, एक डुलकी आणि स्कायट्रेनची फेरी आरामात होते, आणि गेट उघडताना आम्ही रांगेत पुढे असतो.