एटीपीमध्ये ब्रेकरचा आर्क : आठ महिन्यांच्या वापरानंतर

अंबडला १४५ केव्हीच्या एसएफ६ ब्रेकरचं (एसएफ६ वायू भरलेला, फॉल्ट आला की करंट तोडणारा मोठा स्विच) डिझाइन हे माझं रोजचं काम. ब्रेकर उघडताना कॉन्टॅक्टमध्ये जो विजेचा झोत पेटतो तो आर्क; त्याचं मॉडेल आठ महिन्यांपासून एटीपी या सर्किट सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये चालवतोय, सर्किट मांडायला एटीपीड्रॉ. दोन्ही फुकट, फक्त लायसन्ससाठी अर्ज करावा लागतो.

आर्कचा तयार ब्लॉक मिळेल या आशेने बसलो होतो, पण समीकरण एटीपीतल्याच 'मॉडेल्स' भाषेत स्वतःच लिहावं लागलं. करंट मोठा असतो तोवर कॅसीचं समीकरण (१९३९), करंट शून्यावर येतो तिथे मायरचं (१९४३). मायरला दोनच आकडे लागतात: टाइम कॉन्स्टंट टाऊ (आर्क किती पटकन बदलतो ते) आणि आर्कमधून बाहेर जाणारी उष्णता, म्हणजे कूलिंग पॉवर पी.

पहिला महिना तर वायाच गेला. टाऊ ०.५ मायक्रोसेकंद धरला आणि टाइम स्टेप, म्हणजे गणिताची एक पायरी, ठेवली १. शून्यानंतर आर्कमध्ये पॉवर जवळपास काहीच जात नाही, त्यामुळे कंडक्टन्स (आर्कची वीज वाहू देण्याची क्षमता) प्रत्येक स्टेपला स्वतःच्या दुपटीने कमी व्हायचा, म्हणजे थेट उणे! ग्राफ करवतीसारखा दिसायला लागला. मी आपला ब्रेकरच फेल गेला म्हणून डिझाइनवर घसरलो. मग कंडक्टन्सऐवजी त्याचा लॉगॅरिदम घेतला, स्टेप ०.०२ वर आणली, आणि करवत गेली. मॉडेल्समधून सर्किटकडे किंमत एक स्टेप उशिरा पोहोचते, म्हणूनही स्टेप बारीकच हवी.

खरी मजा शॉर्ट लाइन फॉल्टमध्ये, म्हणजे ब्रेकरपासून थोड्याच अंतरावर लाइनवर झालेल्या फॉल्टमध्ये आली. ४० केए (किलोअँपिअर) तोडणाऱ्या ब्रेकरला त्याच्या ९० टक्के म्हणजे ३६ केए. लाइनचा सर्ज इम्पीडन्स (लाइनवरून धावणाऱ्या लहरीला होणारा विरोध) ४५० ओहम धरला की ५० हर्ट्झला लाइनकडच्या बाजूचं व्होल्टेज मायक्रोसेकंदाला ७.२ केव्हीने चढतं. इथे पी थोडा कमी केला तरी पोस्ट आर्क करंट (शून्यानंतर उरलेला बारीक करंट) मावळायच्या ऐवजी फुगत जातो आणि आर्क पुन्हा पेटतो. पुस्तकात शंभरदा वाचलं होतं, पण स्क्रीनवर ती वळणारी रेघ बघितली तेव्हा डोक्यात बसलं.

आता तक्रार. टाऊ आणि पी सॉफ्टवेअर देत नाही. ते चाचणीच्या ऑसिलोग्राममधून, शून्याजवळच्या आर्क व्होल्टेज-करंटवरून काढावे लागतात, आणि नॉझल (आर्कवर वायूचा झोत सोडणारं तोंड) बदललं की दोन्ही बदलतात. 'सिम्युलेशनमध्ये पास झालाय ना, मग चाचणीचा खर्च कशाला?' असं वरून विचारणारे भेटतातच. त्यांना मी सरळ नाही म्हणतो. दोन नॉझलपैकी कोणतं आधी चाचणीला पाठवायचं, एवढंच यावरून ठरवावं. त्यासाठी मात्र उत्तम.

दुसरी कटकट बारीक स्टेपची. एकदा ठरवली की पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच. लागते शून्याच्या आजूबाजूला, पण वीस मिलिसेकंद सगळे तसेच चालवा. एक रन लवकर होतो, पण टाऊ-पीच्या जोड्या बदलत दोनशे रन लावले की रात्र जाते. पावसाळ्यात मध्येच लाइट गेली, तर सकाळी पुन्हा पहिल्या रनपासून.