टेकूचा टॅबलेट की दोन हातांत मावणारा संगणक?

साइटवर न्यायला किबोर्ड-कव्हरवाला दहा इंची विंडोज टॅबलेट घ्यावा की खिशातला छोटा संगणक, असं बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या दोघा-तिघांनी मला गेल्या महिन्यात विचारलं. मी दोन्ही वापरले आहेत. आधी टॅबलेट दीड वर्ष, आणि तेव्हापासून आजपर्यंत छोटा. माझं काम पीएलसी (कारखान्यातली यंत्रं चालवणारा छोटा संगणक) आणि ड्राइव्हचं (मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र), आठवड्यातले तीन-चार दिवस बडोद्याहून अंकलेश्वर किंवा दहेजच्या कारखान्यांत. तुमचं काम बसून करायचं असेल तर तुमचा हिशेब वेगळा निघेल, हे आधीच सांगून ठेवतो.

खिशातल्या संगणकाची कल्पना तशी जुनी. २००६ साली सोनीचा साडेचार इंची व्हायो यूएक्स आला, सॅमसंगचा सात इंची क्यू१ आला. दोन्ही आपल्यासारख्यांनी लांबूनच पाहिले. पुढे २०१७ मध्ये जीपीडी या कंपनीचा सात इंची पॉकेट आणि २०१९ मध्ये सहा इंची मायक्रोपीसी आला. माझा छोटा तो हाच. या मायक्रोपीसीला नऊ पिनांचं सिरियल पोर्ट (जुने पीएलसी ज्यातून जोडतात ते) आणि लॅनचं पोर्ट अंगातच आहे. जुन्या कंट्रोल पॅनलांवर काम करणाऱ्याला ही काय चीज आहे ते वेगळं सांगायला नको.

टॅबलेटचा स्क्रीन मोठा, बोटाने चालतो, किबोर्डवर दहा बोटं बसतात. व्हिजिट रिपोर्ट लिहायला तो कितीतरी बरा. सहा इंचात अक्षर बारीकच दिसतं, जोडाक्षरं तर डोळे बारीक करून वाचावी लागतात. मायक्रोपीसीला टचही नाही. हे सगळं मान्य.

पण टॅबलेटला टेकू लागतो, आणि टेकूला सपाट जागा लागते. सकाळच्या मेमू लोकलमध्ये ती कुठून आणायची? मांडीवर ठेवला तर टेकूची कड मांडीत रुतते आणि ब्रेक लागला की स्क्रीन मागे कलंडतो. मियागाम करजणला गर्दी चढली की गुडघे आवळून बसायचं, मग टेकूला मागे चार बोटंसुद्धा जागा उरत नाही. मी कित्येकदा टॅबलेट उघडून, पाच मिनिटं झगडून, भरूच यायच्या आधीच बॅगेत घातला आहे.

पॅनलसमोर तर याहून वाईट. तिथे टेबल नसतं, बऱ्याचदा स्टूलही नसतं. डाव्या हातावर टॅबलेट, खाली लोंबणारा किबोर्ड, आणि एकुलत्या एक यूएसबी पोर्टातून लटकणारा, सिरियल केबल जोडायचा कन्व्हर्टर. अंकलेश्वरच्या एका कारखान्यात रात्री अकराला पीएलसीत प्रोग्रॅम डाउनलोड होत असताना मी हात बदलला आणि कन्व्हर्टर निसटला. पीएलसी स्टॉपमध्ये, मिक्सर बंद, ऑपरेटर माझ्या तोंडाकडे बघत उभा. पुन्हा जोडून, पुन्हा डाउनलोड करून लाइन चालू होईपर्यंत माझे हात थरथरत होते. कन्व्हर्टरला दोष देऊन भागलं असतं, पण खरी अडचण ही की उभ्याने धरायला ते यंत्र बनलेलंच नव्हतं. टॅबलेट बदलायचा हे मी त्या रात्री ठरवलं.

मायक्रोपीसी दोन्ही हातांत वहीसारखा धरायचा. ट्रॅकपॅड किबोर्डच्या वर उजव्या कोपऱ्यात, क्लिकची बटणं डाव्या कोपऱ्यात, म्हणजे उजव्या अंगठ्याने बाण हलवायचा आणि डाव्याने दाबायचं. सवय व्हायला मला दोन आठवडे लागले. आता पॅनलचं दार खांद्याने अडवून, उभ्याउभ्या लॅडर, म्हणजे पीएलसीचा प्रोग्रॅम, बघतो. सिरियल केबल पोर्टाला दोन स्क्रूंनी घट्ट आवळलेली असते, ती निसटत नाही. मेमूत दाराजवळ उभा असलो तरी नर्मदेचा पूल येईपर्यंत कालच्या पॅरामीटर्सची यादी तपासून होते.

चार्जरचं मात्र बघून घ्या. यूएसबी-सी पिन बसली म्हणजे चार्जिंग झालंच असं नसतं. फोनचे बरेच जलद चार्जर त्या-त्या फोनच्याच भाषेत बोलतात, आणि अशा संगणकाला यूएसबी पॉवर डिलिव्हरी या सामाईक पद्धतीचा चार्जर हवा. पॉवर बँक घेतानाही तेच लिहिलंय का ते वाचा.

ज्यांना रोज चार पानं टाइप करायची आहेत, हॉटेलात टेबलाशी बसायचं आहे, किंवा चाळिशीचा चश्मा लागला आहे, त्यांनी टॅबलेटच घ्यावा असं मला वाटतं. बाकीच्यांनी घ्यायच्या आधी एवढं करा: कुणाचा तरी मागून घ्या आणि दहा मिनिटं उभ्याने काहीतरी लिहून बघा, भिंतीला न टेकता.

माझा टॅबलेट मी विकला नाही. दांडिया बाजारच्या घरी तो स्वयंपाकघरात असतो, आई भाजी निवडताना त्यावर कीर्तन ऐकते. ओटा सपाट आहे, टेकू तिथे छान उभा राहतो.